रांगेतला तिसरा माणूस

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही आजूबाजूचंच काहीतरी पुटपुटून परत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तुम्ही परतूरच्या बाजूचे असाल, चाळिशी ओलांडलेले असाल, तर तुम्ही मला चुकीचं ओळखता — ते चुकीचं ओळखणं मी वीस वर्षं चालू दिलंय.

कुठून सुरू करू? वाईट भागापासून करावं, हे कळतंय. पण जीभ आधी बऱ्या भागाकडे जाते. जाऊ द्या तिला थोडं. फार लांब जाणार नाही.

मी आणि माझी धाकटी बहीण इंदू शक्तीचे प्रयोग करायचो. वडील तालमीतले, त्यांनी दोघांनाही लहानपणापासून जोर-बैठका घालायला लावल्या, मुलगी म्हणून इंदूला सूट नव्हती. त्यातून हा खेळ निघाला. परतूर, अंबड, घनसावंगीकडच्या शाळांतून, मैदानावर, झेंड्याच्या ओट्यापुढं. इंदू वेणीला दोर बांधून जीप ओढायची. आडवी पडून छातीवर शहाबादी फरशी ठेवायची आणि ती घणानं फोडून घ्यायची. मी छातीभोवती गुंडाळलेली साखळी श्वास भरून तोडायचो, दोन हातांवर दोन मास्तर तोलायचो. अंगात निळे कपडे, छातीवर पिवळ्या कापडाची वीज, पाठीवर लाल साटीनचा झगा. साटीन जुन्या जालन्यातून आणलेलं, शिवणारी आई. पाटीवर लिहिलेलं — वज्र भाऊ-बहीण. पोरं आम्हाला वज्रभाऊ आणि वज्रताई म्हणायची आणि खरोखर विचारायची, "वज्रताई, तुम्हाला उडता येतं का?"

इंदू म्हणायची, "येतं की. पण तुमचे हेडमास्तर परवानगी देत न्हाईत."

इंदूचं बळ खरं होतं. माझं? — अर्धं. साखळीची एक कडी मी आधी कानशीनं कापून ठेवायचो आणि फटीत मेण-काजळी भरायचो. हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. रज्जाकभाईला. जीप त्याची, चालवायचाही तोच. मला उस्ताद म्हणायचा. खेळाआधी साखळी माझ्या अंगावर गुंडाळताना कानाशी येऊन म्हणायचा, "उस्ताद, आज फुंक जरा हळू मारा. कडी आपल्याआपच पडायला आलीय." आणि तोंड दुसरीकडे करून हसायचा. इंदूला त्यानं कधी सांगितलं नाही.

आता दौलतआबा.

परभणीपासून जालन्यापर्यंत, रेल्वेच्या कडेकडेनं, हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. हातभट्टीचा सगळा माल त्याचा. नाही म्हणणारी माणसं विहिरीत सापडायची, रुळावर सापडायची. पण तोंड? तोंड कुणीच बघितलेलं नव्हतं. कुणी म्हणे उंच आहे, कुणी म्हणे लंगडा आहे. त्याचा फोटो नाही, त्याचं घर नाही. कामं माणसं करायची, तो कुठंतरी बसलेला असायचा. आमच्याकडची बाई रडणाऱ्या लेकराला बागुलबुवाचं नाव घेत नव्हती, त्याचं घ्यायची.

रज्जाकभाईच्या जीपमधून माल न्यायचा, असा निरोप त्याला दोनदा आला होता. त्यानं नाही म्हणून सांगितलं. का नाही म्हणाला, ते मला सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. तिसऱ्यांदा निरोप आला नाही. माणूस स्वतः आला.

एका शाळेत आमचा खेळ नुकताच संपलेला. भर दुपार. मैदानाच्या कडेला दोन बांबूंना सतरंजी बांधून आम्ही कपडे बदलायला आडोसा केला होता. इंदू नि मी त्याच्यामागं, अजून त्याच कपड्यांत, पाणी पीत होतो. पोरं अजून मैदानातच बसलेली. त्यांना उठवतच नव्हतं. जीपजवळ आवाज झाला. सतरंजीच्या कडेनं बघितलं तर तीन माणसं. दोघांनी रज्जाकभाईला बॉनेटवर दाबलेलं. तिसरा साधा — मध्यम उंची, पांढरा शर्ट, डाव्या भुवईत आडवा वण, तिथं केस नव्हते. त्यानं आमच्याच सामानातली पहार उचलली. इंदू जी दातांनी उचलून दाखवायची, ती. आणि काही न बोलता रज्जाकभाईच्या डोक्यात घातली. शेतात खुंटी ठोकावी तशी.

इंदू गेली. मी बघेपर्यंत ती त्याच्यापुढं होती. दुसरा घाव घालायला वर गेलेलं त्याचं मनगट तिनं धरलं.

आणि मी — मीही गेलो. हे खरं आहे. हे मला नोंदवू द्या, माझ्याकडे एवढंच आहे. मी धावलो, इंदूच्या बाजूला उभा राहिलो, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे हातभर अंतरावरून बघितलं. मला वाटतं, त्या कपड्यांत मी मी नव्हतो. झगा होता, छातीवर वीज होती, समोर शे-दीडशे पोरं होती. आणि पोरांना वाटलं — हासुद्धा खेळच आहे. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "वज्रताई! वज्रभाऊ!" रक्त बघूनसुद्धा. रंग वाटला असेल त्यांना.

तो माणूस त्या टाळ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं पहार सोडून दिली, मनगट सोडवून घेतलं आणि चालत निघून गेला. धावला नाही. दोघं "आबा, आबा" करत त्याच्यामागं. रज्जाकभाई जालन्याला नेताना वाटेत गेला.

पेपरात आमचा फोटो आला. दौलतआबाला रोखणारे बहीण-भाऊ. गावोगावी सत्कार झाले. लोक मला मिठ्या मारायचे. एक म्हातारी माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "ह्यो बघा, ह्याला भ्या माहीतच न्हाई." मी हसलो. त्या दिवसापासून मला झोप लागत नव्हती, हे कुणाला सांगणार? कोण ऐकणार? वज्रभाऊला भीती वाटते, हे ऐकायला कुणी तयार असतं का?

दीड-दोन महिन्यांनी पोलिसांनी एका माणसाला दुसऱ्याच भानगडीत धरलं. त्यांना संशय आला — हाच तो. पण सांगणार कोण? तोंड बघितलेली माणसं तीनच होती. त्यातला एक गेलेला. उरलो आम्ही दोघं. त्याची दोन माणसं बेपत्ता. लांबून बघितलेल्या पोरांचं, मास्तरांचं म्हणणं पोलीस धरत नव्हते.

मग ओळख परेड ठरली.

तुम्ही कधी ओळख परेड बघितली नसेल. सांगतो. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करतात. पोलीस आत राहत नाहीत. एक दंडाधिकारी असतो आणि दोन पंच. आमच्याकडे तेव्हा सरकार गावातल्या शिकल्यासवरल्या, भल्या माणसाला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमायचं. आमच्या भागात ते होते खरात गुरुजी. निवृत्त हेडमास्तर. मला चौथीला त्यांनी शिकवलेलं. दाखल्यांच्या नकलांवर सही-शिक्का घ्यायला सकाळी त्यांच्या ओट्यावर पोरांची रांग लागायची. सही करण्याआधी ते प्रत्येकाकडून अस्सल कागद मागून घेत आणि ओळ न् ओळ ताडून बघत. पोरं कंटाळायची. तर परेडीत साक्षीदार एकेक करून आत येतो, रांगेपुढून चालतो, आणि ज्याला ओळखलं त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. बोट दाखवायचं नाही, हातच ठेवायचा — अंगावर. एका साक्षीदाराला दुसऱ्याची भेट होऊ देत नाहीत.

पहिला मी गेलो.

जेलच्या आवारातली खोली. सात माणसं. गुरुजींनी काम चोख केलं होतं. त्या माणसाच्या भुवईत वण होता म्हणून त्यांनी सातही जणांच्या डाव्या भुवईवर कागदाची पट्टी चिकटवली होती. कुणावर अन्याय नको. सात भुवया झाकलेल्या, सात पांढरे शर्ट.

तो तिसरा होता. मला दारातूनच कळलं.

मी पहिल्यापुढून गेलो, दुसऱ्यापुढून गेलो, त्याच्यापुढं आलो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होता. आणि मग — एवढंच — त्यानं उजवा खांदा किंचित पुढं केला. ओझं घ्यायला हमाल करतो ना, तसा. जणू म्हणत होता, ठेव. ठेवायचाय ना? ठेव.

माझा हात उचलला गेला नाही.

मला कुणी धमकी दिली नव्हती. हे नीट ऐकून घ्या, कारण तुम्ही माझ्या वतीनं अंदाज बांधाल. कुणी चिठ्ठी टाकली नव्हती, दारात कुणी येऊन गेलं नव्हतं, काही द्यायचं कबूल केलं नव्हतं. फक्त खांदा पुढं झाला. दोन मास्तर तोलणारा हात मांडीला चिकटून राहिला. झगा नव्हता. टाळ्या नव्हत्या. मी साध्या इस्त्रीच्या शर्टात होतो, आणि त्या शर्टात जो माणूस होता तो असा होता.

मी पुढं गेलो. सातव्यापर्यंत.

गुरुजी म्हणाले, "घाई करू नकोस. पुन्हा एकवार चालून ये."

मी पुन्हा चाललो. दुसऱ्यांदा चालताना तिसऱ्यापाशी माझं पाऊल अडखळलं. गुरुजींनी ते बघितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"कोणीच न्हाई?"

"न्हाई, गुरुजी."

"मी लिहितो मग तसं." त्यांनी लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं — साक्षीदार दोन वेळा रांगेपुढून चालला, त्याने कोणासही ओळखले नाही. "बराबर?"

"बराबर."

मला दुसऱ्या दारानं दुसऱ्या खोलीत नेलं. नंतर इंदू आत गेली. तिनं काय केलं ते मी बघितलेलं नाही, ऐकलं. ती सरळ तिसऱ्यापाशी गेली आणि हात असा आपटला की त्याचा खांदा खाली गेला. पंच दचकले म्हणे.

बाहेर आल्यावर परतीच्या एसटीत ती म्हणाली, "साहेबानं सांगितलंय एकमेकांशी बोलायचं न्हाई. मी बोलत न्हाई. पण दादा, हात अजून झिणझिणून राह्यला." आणि हसली. मी खिडकीबाहेर कपाशी बघत होतो. तिनं विचारलंच नाही. तिला विचारायचं सुचलंच नाही — कारण माझ्याबद्दल शंका घेणं तिच्या डोक्यातच नव्हतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरलास, माणूस आहे, घाबरतो माणूस. थांबा. मी सांगायला बसलोय ते हे नाही. हे फक्त भित्रेपण आहे. पुढचं वेगळं आहे.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. सरकारी वकिलानं माझा कागद बघितला आणि मला साक्षीला घेतलंच नाही. "तुमचा काही उपयोग नाही," एवढंच म्हणाला. घरी मी सांगितलं, एकाच साक्षीदारावर भागणार आहे. इंदूची साक्ष होती तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत समोरच्या वकिलानं तिला विचारलं — तुमच्याच बाजूला उभ्या असलेल्या तुमच्या सख्ख्या भावानं याच रांगेतून कोणालाही ओळखलं नाही, हे खरं ना? आणि तो कागद वाचून दाखवला.

ती बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला. माझ्यापुढं उभी राहिली.

"दादा, तू हात ठेवलास ना त्याच्यावर?"

बघा, किती लहान प्रश्न. दोन उत्तरं होती. एक दिलं असतं तर तिच्या नजरेतून उतरलो असतो, बस. तेवढंच जाणार होतं माझं. मी वर बघितलं, आणि माझ्या तोंडातून आलं — विचार करून नाही, ठरवून नाही, पण आलं —

"ठेवला की. गुरुजींनी लिहिलं न्हाई वाटतं."

*वाटतं.* तो शब्द मी किती हुशारीनं घातला होता ते नंतर कळलं. पुढचं तिनंच भरून घेतलं. "विकला गेला," ती म्हणाली. "म्हातारा विकला गेला." आणि मी — मान हलवली नाही, नाहीही म्हणालो नाही.

संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. भुवई झाकलेली, क्षणभर पाहिलेला चेहरा, सख्ख्या भावानं ओळखला नाही. निकालाच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी इंदू खरात गुरुजींच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागं. पोरांची रांग होती. भाजी घ्यायला आलेले लोक थांबले.

"गुरुजी," ती म्हणाली, "किती घेतले?"

गुरुजींच्या हातात शिक्का होता. त्यांनी तो शाईच्या पॅडवर ठेवला. "मी जे झालं ते लिहिलं, पोरी."

"माझा भाऊ म्हणतो त्यानं हात ठेवला."

"असं म्हणतो?" गुरुजींनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. वर्गात चुकलेल्या पोराकडे बघायचे तसंच — तू स्वतःहून उठून सांगशील म्हणून वाट बघत. मी जमिनीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "मंग मला काही बोलायचं न्हाई."

त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? का म्हणाले नाहीत, हा खोटं बोलतोय? मी हजार वेळा विचार केलाय. म्हणाले असते तरी कोण ऐकणार होतं? एकीकडे पेपरात फोटो आलेला वज्रभाऊ. आणि एकीकडे बौद्धवाड्यात राहणारा म्हातारा. पंच दोघंही जालन्याचे, त्यांना विचारायला कोण जाणार होतं? हे गुरुजींना त्या क्षणी कळलं होतं. आणि मला? — मलाही कळलं होतं. मी ते शब्द कधी उच्चारले नाहीत. पण त्याच संध्याकाळी आमच्या आळीतल्या पारावर एक जण म्हणाला, "शेवटी जात दाखवलीच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथं बसलो होतो. माझं खोटं किती सहज उभं राहिलं, त्याला कुठला टेकू मिळाला, हे मी बसून बघितलं. आणि मला हायसं वाटलं.

गुरुजींच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं लिहिलं, विकाऊ. ते पुसून निघेना. ओट्यावरची रांग हटली. लोक पोरांना सहीसाठी दुसऱ्या गावाला पाठवू लागले. तरी मुदत संपेपर्यंत गुरुजी रोज सकाळी शिक्का, पॅड, पेन मांडून तिथं बसायचे. नऊ ते अकरा. मी सायकलवरून त्या रस्त्यानं जाणं सोडलं. पण एकदा मला ते एसटी स्टँडवर भेटलेच. पळायला जागा नव्हती.

"साखळी तोडतोस का रे अजून?" त्यांनी विचारलं.

"सोडलं, गुरुजी."

"बरं केलंस," म्हणाले आणि गाडीत चढले.

इंदूनंही खेळ सोडला. ती शिकली, खेळाची शिक्षिका झाली, लग्न होऊन अंकुशनगरला गेली; नवरा साखर कारखान्यात. दौलतआबा पुढं दहा-बारा वर्षं जगला आणि पोटाच्या कसल्याशा दुखण्यानं दवाखान्यात मेला. पेपरात चार ओळी. त्या दिवशी मी स्वतःला म्हटलं, आता भ्यायचं कारण संपलं, आता जा. गुरुजी तेव्हा होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. चष्म्याच्या काचा जाड झालेल्या, काठी घेऊन दारात बसत. मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. आणि परत आलो. तेव्हा कळलं की मी दौलतआबाला कधी भीत नव्हतोच. निदान त्या व्हरांड्यानंतर नाही. मी इंदूला भीत होतो. तिच्या "माझा दादा" म्हणण्याला भीत होतो. पुढच्या वर्षी गुरुजी गेले. मातीला बौद्धवाड्यातली माणसं आणि बाहेरचे तिघं-चौघं. मी नव्हतो.

मग आताच का बोलतोय? गुरुजी गेले, खुनी गेला, गाव विसरलं. मीही, खरं सांगतो, विसरायला लागलो होतो.

मागच्या शनिवारी अंकुशनगरला गेल्तो. इंदूनं बाजरीची भाकरी नि ठेचा केला होता. जेवताना म्हणाली,

"दादा, आमच्या शाळेत नवी बाई कोण आलीय सांग बरं? खरातांची नात. त्याच खरातांची."

मी म्हटलं, "कशी आहे?"

"शिकवते बरी. पण मी सगळ्यांना सांगून टाकलं ना — हिच्या आजोबानं खुन्याला सोडवलंय म्हणून. आता कुणी डबा खायला जवळ घेत न्हाई. वर्गात एकटीच बसून खाते."

मेहुणे म्हणाले, "जाऊ दे ना इंदू. पोरीचा काय दोष त्यात?"

"तुम्ही गप बसा. तुम्ही होता का तिथं? माझा दादा होता." आणि तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "खा रे. पाहुण्यासारखा काय बसलास?"

मी खाल्ली. तुम्हाला ऐकायचं असेल की माझ्या घशाखाली उतरली नाही. उतरली. ठेचा लावून पूर्ण खाल्ली.

रविवारी सकाळी परतताना स्टँडवर एक पोरगी उभी होती. पंचविशीची, खांद्याला पिशवी, पिशवीतून वह्या दिसत होत्या. कपाळ बघितलं आणि ओळखलं — तेच कपाळ. तिनं विचारलं, "काका, अंबडची गाडी गेली का?"

"न्हाई अजून," मी म्हटलं.

एवढंच बोललो. गाडी आली, ती चढली, मागच्या सीटवर बसून वह्या तपासू लागली. मी पुढं बसलो. तासाभराच्या वाटेत मागं वळून बघितलं नाही.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. तर ऐका, एकदाच सरळ लिहितो. त्या रांगेत तो तिसरा उभा होता. मी त्याला ओळखलं. मी हात ठेवला नाही. खरात गुरुजींनी जे लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी बहिणीशी खोटं बोललो आणि त्या खोट्याखाली एक सच्चा माणूस बारा वर्षं जिवंत गाडला. त्याची नात आज एकटी जेवते, ती माझ्यामुळं.

इथवरच्या मजकुराच्या दोन प्रती, खाली सही करून, परवा टपालात टाकल्या. एक खरात बाईंच्या नावानं, शाळेच्या पत्त्यावर. एक इंदूला. हातात नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, हेही सहीखाली लिहिलंय.

आज शाळा सुटायच्या वेळेपासून फोनजवळ बसलो होतो. पाच वाजून गेल्यावर वाजला. उचलला. पलीकडं कुणी बोलेना. मागून कारखान्याचा भोंगा ऐकू आला, म्हणजे अंकुशनगरच. श्वास लागत होता, जिना चढून आल्यासारखा. मी वाट बघितली. ती काही विचारेल, शिवी देईल, रडेल. 

मग मीच बोललो. "इंदू, गुरुजींचं काही चुकलं नव्हतं."

भोंगा थांबला. तिनं फोन ठेवला नाही.